लांबचं बिऱ्हाड हलवताना: खोक्यातली पोकळी, मशीनचे बोल्ट आणि पोचपावतीवरची सही

दोन गल्ल्या पलीकडे घर बदलणं वेगळं आणि हजार किलोमीटरवर बिऱ्हाड हलवणं वेगळं. जवळच्या जवळ जायचं असेल तर गाद्यांच्या मध्ये टीव्ही उभा केला, पातेल्यात कप ठेवले, तरी निभावून जातं. काही राहिलंच तर आणखी एक फेरी मारता येते. लांबच्या प्रवासात सामान दोन-तीन दिवस सतत हादरत असतं. बंद गाडीत ते दिवसा तापतं, रात्री गार होतं, आणि बऱ्याचदा वाटेत एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवलं जातं. ते चढवणाऱ्यांना कोणत्या खोक्यात काच आहे आणि कोणत्यात चादरी, याची काहीच कल्पना नसते.

सामान कुणाच्या तरी हातून पडेल ही धास्ती सगळ्यांनाच असते. माझ्या मते त्याहून जास्त घात करते ती खोक्यात राहिलेली मोकळी जागा. गाडीच्या हादऱ्यांनी वस्तू हळूहळू खाली बसतात, वर पोकळी तयार होते, आणि मग तासन्‌तास त्या एकमेकींवर आदळत राहतात. शिवाय अर्धवट भरलेल्या खोक्याचं झाकण वरच्या वजनाने आत दबतं, वरचं खोकं कलतं आणि अख्खी चळत एका बाजूला येते. म्हणून प्रत्येक खोकं बंद केलं की दोन गोष्टी करा. ते थोडं हलवून बघा; आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. मग वरून दोन्ही तळहातांनी दाबा. झाकण आत गेलं तर अजून भरण हवी आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

आधी यादी, मग भाव

सहा ते आठ आठवडे हातात असले तर काम धड होतं. पहिल्या आठवड्यात एकही खोकं भरू नका, फक्त यादी करा. खोलीनुसार करा, आणि माळा, बाल्कनी, पलंगाच्या आतली जागा, जिन्याखालचं कपाट हे विसरू नका. यादी चुकते ती नेमकी इथेच. घरगुती सामानाचं भाडं मुख्यतः गाडीत लागणाऱ्या जागेवर ठरतं. त्यामुळे हलकं पण अवाढव्य सामान, म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रिकामी टोपली, जुन्या गाद्या, हे वाटतं त्यापेक्षा महागात पडतं.

काय न्यायचं आणि काय सोडायचं, यासाठी एक साधा हिशोब आहे. वस्तू किती जागा खाईल, त्या जागेचं भाडं किती, आणि तशीच वस्तू तिकडे कितीला मिळेल, हे शेजारी शेजारी लिहा. पार्टिकल बोर्डाच्या कपाटांबाबत माझं मत ठाम आहे: एकदा उघडून जोडलेलं असेल तर ते नेऊ नका. या फळीत लाकडाचा भुसा दाबून चिकटवलेला असतो. स्क्रू एकदा काढला की भोकातला भुसा सुटतो आणि दुसऱ्यांदा पकड सैल बसते. तिसऱ्यांदा बसतच नाही. न्यायचंच असेल तर जोडताना भोकात लाकडाची बारीक काडी फेव्हिकॉलसारखा गोंद लावून ठोका, पूर्ण वाळू द्या आणि मगच स्क्रू फिरवा. सॉलिड लाकडाचं फर्निचर मात्र दहा वेळा उघडलं तरी टिकतं.

भाव किमान तीन ठिकाणांहून घ्या, आणि सामान पाहिल्याशिवाय फोनवर दिलेला आकडा भाव समजू नका. माणूस घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून बघू दे. न बघता दिलेला स्वस्त आकडा गाडी भरताना वाढतो, आणि तेव्हा निम्मं सामान खाली उतरलेलं असल्यामुळे तुम्हाला नाही म्हणता येत नाही. पुढच्या गोष्टी लेखी मागा: गाडी फक्त तुमच्या सामानाची आहे की इतरांचंही सामान सोबत आहे; वाटेत गाडी बदलणार का; सामान कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पोचेल; मजला, लिफ्ट, गाडीपासून दारापर्यंतचं अंतर आणि थांबून राहण्याचे वेगळे पैसे आहेत का; पलंग-कपाटं उघडणं आणि पुन्हा जोडणं भावात धरलंय का; रिकामी खोकी कोण नेणार. सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी ठरवताना, काही गाडी भरल्यावर आणि उरलेली सामान पोचल्यावर, अशी वाटणी करून घ्या.

याच काळात नव्या घराची मापं मागवा. दाराची मोकळी रुंदी (चौकटीची नव्हे, पल्ला पूर्ण उघडल्यावर उरते ती), लिफ्टच्या आतली उंची आणि खोली, जिन्याच्या वळणावरची जागा. तीन माणसांचा सोफा सरळ जिन्यातून जातो आणि वळणावर अडकतो. हे त्या दिवशी कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेलं बरं.

विमा वाचून घ्या

‘विमा आहे’ एवढ्यावर थांबू नका. गाडीला अपघात झाला तरच भरपाई, की हाताळताना झालेली मोडतोडही धरली आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा, तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूट धरलेली आहे का? बऱ्याच विम्यांत ती नसते. म्हणून काच आणि चिनीमाती त्यांच्या माणसांकडून तुमच्या देखत भरून घ्या; कपडे आणि पुस्तकं खुशाल स्वतः भरा. तिसरी गोष्ट किमतीची. सगळ्या सामानाची किंमत १०० धरली आणि हप्ता वाचवायला तुम्ही ५० च लिहिले, तर ४० चं नुकसान झाल्यावर हातात २० पडण्याची शक्यता मोठी असते. कारण विमा निम्म्याचाच होता, म्हणून भरपाईही निम्मी.

विजेच्या उपकरणांची आणखी एक मेख असते. बाहेर ओरखडाही नाही आणि आतून बंद, असं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. त्यामुळे आवरायच्या दिवशी सकाळी टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह चालू करून, अनुक्रमांकाची चिकटपट्टी दिसेल असा छोटा व्हिडिओ काढा. फर्निचरच्या चारही बाजूंचे फोटो घ्या. आधी असलेले चरेही टिपा, लपवू नका. प्रामाणिक नोंद असली की नव्या चऱ्याबद्दल बोलताना तुमची बाजू भक्कम राहते.

खोकी, कागद, टेप

तीन आकारांची खोकी पुरतात. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हे लहान. त्याच्या दुप्पट मध्यम. आणि उशा-पांघरुणांसाठी मोठं. काचेला आणि वजनदार सामानाला पाच पदरी पुठ्ठा घ्या, कपड्यांना तीन पदरी चालतो. दोन बेडरूमच्या भरलेल्या घराला ५० खोकी धरून चला. त्यातली १२ ते १५ स्वयंपाकघरच खातं. दुकानाबाहेरची जुनी खोकी फुकट मिळतात, पण ओल लागलेला पुठ्ठा पुन्हा वाळला तरी त्याचा ताठपणा परत येत नाही. किडे-झुरळांची अंडीही पुठ्ठ्याच्या पन्हळींत येतात.

एका खोक्याचं वजन १५ ते १८ किलोंच्या आत ठेवा. लहान खोकं पूर्ण पुस्तकांनी भरलं तर ते २० किलोंच्या वर जातं. म्हणून पाऊण खोकं पुस्तकं आणि वर टॉवेल. पुस्तकं आडवी रचा किंवा कणा खाली करून ठेवा. कणा वर ठेवला तर पानांच्या वजनाने बांधणी सुटते.

टेप ४८ मिलिमीटर रुंदीचा, चांगल्या गोंदाचा घ्या. तळाला मधल्या फटीवर दोन थर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवा पट्टा, म्हणजे इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा आकार होतो. तळ नुसत्या एका पट्टीवर सोडू नका आणि चार झडपा एकमेकांत अडकवून बंद करण्याचा प्रकार तर अजिबात नको. खोकं मधोमध फाटतं ते त्यामुळेच.

आता प्लेटांचं खोकं, कारण चूक सर्वांत जास्त इथे होते. तळाला चुरगाळलेल्या कागदाचा तीन-चार बोटं जाड थर करा. कागद कोरा घ्या, छापील वर्तमानपत्राची शाई उष्णतेने फिकट रंगाच्या भांड्यांवर उतरते. कागदाच्या एका कोपऱ्यावर प्लेट ठेवा, कोपरा वर दुमडा, दुसरी प्लेट त्यावर, पुन्हा दुमडा. अशा चार प्लेटा झाल्या की अख्खं पुडकं आणखी एका कागदात गुंडाळा. आणि हे पुडकं आडवं न ठेवता कडेवर उभं ठेवा, रॅकमध्ये पुस्तकं लावतो तसं. आडव्या प्लेटवर खड्ड्याचा हादरा बसला की वरच्या सगळ्यांचं वजन तळच्या प्लेटच्या मधल्या, सर्वांत कमकुवत भागावर येतं. उभी प्लेट तोच हादरा कडेवर झेलते. पुडक्यांच्या मधल्या फटींत कागद ठासा. त्यावर पुठ्ठ्याची आडवी फळी, आणि फळीवर कप-ग्लास, तोंड खाली करून, प्रत्येकाच्या पोटात कागद भरून. कपाचा कान आधी वेगळ्या कागदाच्या पट्टीने गुंडाळा. वर पुन्हा तीन बोटं कागद, मग दाबून बघायची ती परीक्षा.

बबल रॅपचे फुगे वस्तूकडे ठेवायचे. मात्र पॉलिश केलेल्या लाकडावर, रंगवलेल्या पृष्ठभागावर किंवा टीव्हीच्या पडद्यावर तो थेट गुंडाळू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने फुग्यांचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात. आधी जुनी सुती चादर किंवा कागद, मग बबल रॅप. चिकटून बसणाऱ्या प्लॅस्टिक फिल्मचंही तेच. लाकूड आणि चामडं थेट फिल्ममध्ये कोंडलं की रात्रीच्या गारव्याने आत दव धरतं आणि बुरशी येते. फिल्म चादरीला धरून ठेवण्यासाठी आहे. गाद्या, उशा आणि सोफ्याची पांघरुणं भरण्याआधी एक दिवस उन्हात टाका. दमट गादी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली की बाहेर येताना वास घेऊनच येते. स्प्रिंगची गादी कडेवर उभी न्या, दुमडू नका.

खोक्यावर नाव नको, क्रमांक हवा. दोन लागोपाठच्या बाजूंवर मोठा आकडा आणि नव्या घरातली खोली लिहा. वरच्या झाकणावर लिहिलेलं चळतीत दिसत नाही. आत काय आहे ते वहीत किंवा फोनमध्ये, चार शब्दांत. ‘लॅपटॉप’ किंवा ‘चांदी’ असं खोक्यावर कधीच लिहू नका.

मशीनं आणि जड सामान

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला आणि खालून शॉकॲब्सॉर्बरवर टेकलेला असतो. तसाच प्रवास केला तर हा जड ड्रम दोन दिवस घंटेच्या लोलकासारखा आपटतो. स्प्रिंग सुटतात, बेअरिंगला मार बसतो, ड्रम स्थिर राहावा म्हणून आत लावलेलं काँक्रीटचं वजन तडकतं. त्यासाठी मशीन विकत घेताना मागच्या बाजूला लांब ट्रान्झिट बोल्ट लावलेले येतात, बहुतेक मशीनांना चार, काहींना तीन. बसवणारा माणूस ते काढून देतो आणि आपण ते कुठेतरी ठेवून विसरतो. आजच शोधा. सापडले नाहीत तर मशीनचा मॉडेल क्रमांक सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा. यायला वेळ लागतो म्हणून हे आधी करायचं.

लावायची रीत अशी. नळ बंद करून पाण्याचा पाइप सोडा, एकदा नुसतं स्पिन चालवा आणि प्लग काढा. पुढे खाली छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. बसकं ताट आणि जुना टॉवेल ठेवून फिल्टर हळूहळू फिरवा, एक-दोन लिटर पाणी आतून येऊ शकतं. ते काढलं नाही तर कलत्या मशीनमधून हेच पाणी विजेच्या भागांवर जातं. मग मागच्या भोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढा, बोल्ट त्याच्या जाड प्लॅस्टिकच्या नळीसकट आत घाला आणि पाना लावून घट्ट करा. दारातून हात घालून ड्रम हलवून बघा. तो मशीनसकटच हलला तर काम बरोबर झालं. काढलेल्या टोप्या पिशवीत घालून ड्रममध्येच ठेवा. नव्या घरी बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालू करू नका, नाहीतर स्पिनला ते धडधडत खोलीभर चालत सुटतं आणि आतून मोडतं. वरून उघडणाऱ्या मशीनला टब आणि चौकटीच्या मधल्या फटीत चारही बाजूंनी गुंडाळलेले टॉवेल किंवा फोम ठासा.

फ्रिज २४ तास आधी बंद करा. बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा, मागच्या बाजूला खाली पाणी साठण्याचा ट्रे असेल तर तोही रिकामा करा. सामान निघेपर्यंत दारं उघडी राहू देत. ओलसर फ्रिज दोन दिवस बंद राहिला की रबराच्या गॅस्केटमध्ये काळी बुरशी धरते. काचेचे कप्पे बाहेर काढून वेगळे गुंडाळा. दारांना पट्टा किंवा दोरी बांधा, टेप नको, तो काढताना रंगही निघून येतो. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. उभा नेलेला असला तरी पोचल्यावर तीन-चार तासांनीच चालू करा. आडवा पडला होता असं कळलं तर जितका वेळ पडला होता तितका वेळ, फार तर एक दिवस, उभा ठेवून मग.

स्प्लिट एसी काढायला तंत्रज्ञच हवा. तो कूलिंगवर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. तांब्याच्या नळ्यांची उघडी तोंडं टोप्या लावून बंद केलीत ना, हे स्वतः बघा. ओल आत गेली तर नंतर कॉम्प्रेसर जातो.

टीव्ही मूळ खोक्यात, उभा. पडद्याच्या मध्यभागी कशाचाही दाब नको, कडांनाच आधार. काचेचं टेबल आणि आरसेही कडेवर उभे. आरशावर टेपची फुली मारली तर फुटणं थांबत नाही, फक्त तुकडे विखुरत नाहीत.

उघडलेल्या फर्निचरचे स्क्रू झिपच्या पिशवीत घाला, पिशवीवर नाव लिहा आणि ती त्या फर्निचरच्याच आतल्या बाजूला चिकटवा. ‘सगळे स्क्रू एका डब्यात’ ही सोय नाही, नव्या घरातली अर्ध्या दिवसाची शिक्षा आहे. उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. हायड्रॉलिक पलंगापाशी खास जपा. गॅसचे दांडे गादी-प्लायच्या वजनाच्या हिशोबाने लावलेले असतात. गादी काढल्यावर झाकण एकदम उसळून हनुवटीवर येऊ शकतं. झाकण पूर्ण वर करा, एकाने धरून ठेवा, लाकडाचा टेका द्या, मग दांडे काढा आणि शेवटी प्लाय.

गाडीत न जाणारं

गॅसचा सिलिंडर, पेट्रोल, रंग, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्प्रेचे डबे, काडेपेट्या, ब्लीच. यातलं काही निघालं तर चांगला वाहतूकदार ते उतरवून ठेवेल, आणि आग लागली तर विमाही हात वर करेल. मेणबत्त्या आणि काही औषधं उष्णतेने खराब होतात. दुचाकी जात असेल तर टाकीतलं पेट्रोल काढा आणि बॅटरीची तार सोडा. झाडं बंद गाडीत जगत नाहीत. ती आधीच कुणाला तरी प्रेमाने देऊन टाका.

दागिने, पासपोर्ट, घराचे आणि शिक्षणाचे मूळ कागद, हार्ड डिस्क, चष्म्याची जोडी, महिनाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्याच हातात. बँक, विमा, शाळा, नोकरीचं ठिकाण यांना पत्ता दोन आठवडे आधी कळवा. निघताना वीज आणि पाण्याच्या मीटरचा फोटो घ्या.

शिवाय एक खोकं सगळ्यांत शेवटी गाडीत चढवा, म्हणजे ते सगळ्यांत आधी उतरेल. त्यात स्क्रू ड्रायव्हर, पाना, कटर, बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, साबण, टॉयलेट पेपर, दोन चादरी, पडदे आणि एक पातेलं. सामान उशिरा येऊ शकतं, म्हणून तीन दिवसांचे कपडे मात्र बॅगेत सोबत.

भरताना आणि उतरवताना

गाडी भरताना एका माणसाने वही घेऊन गाडीपाशीच उभं राहायचं, घरात नाही. वाहतूकदाराच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची स्थिती लिहिलेली असते. ती वाचा. धडधाकट टेबलापुढे ‘चरे आहेत’ असं सरसकट लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन घ्या. शेवटी माळा, दारामागचे हुक, ओव्हन आणि डिशवॉशर यांच्या आत एकदा बघा.

उतरवताना तोच क्रमांक, तीच वही, एकेका खोक्यावर खूण. चेपलेलं, भिजलेलं किंवा पुन्हा टेप मारलेलं खोकं दिसलं तर उघडण्याआधी फोटो, मग त्यांच्या माणसासमोर उघडा. पोचपावतीवर ‘सर्व सामान सुस्थितीत मिळालं’ असं छापलेलं असतं आणि माणसं घाईत असतात. तरी सहीआधी खोक्याचा क्रमांक आणि काय झालंय ते हाताने लिहा. ‘तपासणी बाकी’ एवढं मोघम लिहून फारसं साधत नाही. बंद राहिलेली काचेची खोकी पहिल्या दोन दिवसांतच उघडा, कारण दाव्याची मुदत दिवसांत मोजलेली असते. आणि काही फुटलेलं निघालं तर तुकडे, त्यांच्याभोवतीचा कागद आणि ते खोकं तसंच ठेवा. पाहणीला आलेला माणूस आधी भरण किती होती ते बघतो.